बिनलेपाचा सोफा

मी एक सोफा बोलतोय. चामड्याचा, तीन माणसांचा, मधाच्या रंगाचा. हल्ली माझा मुक्काम माडीवरच्या उत्तरेकडच्या खोलीत असतो. खाली शनिवारची गडबड चालू आहे. खालची ऊब वर यावी म्हणून या जुन्या घरांत जमिनीला लोखंडी जाळी बसवलेली असते, आणि ऊब येते त्याच वाटेनं बोलणंही वर येतं. ते ऐकता ऐकता माझी हकीगत सांगतो.

माझा जन्म नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कारखान्यात झाला. त्याआधी मी चार-पाच जनावरं होतो, वेगवेगळ्या कुरणांत चरणारी. त्या जन्मातलं फारसं आठवत नाही, पण खुणा आहेत. उजव्या हाताच्या बाहेरच्या अंगाला तारेच्या कुंपणाचा ओरखडा आहे. पाठीच्या वरच्या कडेला मानेच्या सुरकुत्या आहेत.

कातडं कमावून झालं की कारखान्यात त्याची निवड होते. ज्यावर डाग आणि व्रण जास्त, ते घासून गुळगुळीत करतात आणि वरून रंगाचा लेप देतात. लेपाचं कातडं जरा थंड लागतं, पण धट्टंकट्टं असतं. पाणी सांडलं तर पुसलं की झालं. ज्याचं अंग मुळात बरं असतं, त्याला नुसतं रंगात बुडवतात. वर काहीच नाही. त्याची बारीक छिद्रं उघडी राहतात. ते हाताला ऊबदार आणि मऊ लागतं, आणि अंगावर जे पडेल ते पिऊन टाकतं. मी या दुसऱ्या जातीचा.

माझं कातडं कापणारी बाई प्रत्येक तुकड्यावरून तळहात फिरवायची. एकदा ती शेजारणीला म्हणाली, “हा कुणाच्या घरी जाणार कोण जाणे.” मला ते कौतुक वाटलं. काळजी होती, हे पुढं कळलं.

तिथून मी मिलवॉकीच्या एका दुकानात आलो. दुकानातले दिवस मला आवडायचे नाहीत. माणसं यायची, धपकन बसायची, दोनदा हलून बघायची आणि लगेच भाव विचारायची. आपल्या घरात काय चालतं हे कुणी सांगायचं नाही. सगळे सांगायचे ते घरात काय चालावंसं वाटतं ते. एक गृहस्थ म्हणाले, आम्ही संध्याकाळी पुस्तकं वाचतो. त्यांची मुलं तेव्हा माझ्यावर बुटांसकट उड्या मारत होती.

मग एक दिवस लोरेटा आली. साठी ओलांडलेली, सडपातळ, करडा कोट घातलेली बाई. ती बसली नाही. आधी तिनं हातमोजा काढला आणि माझ्या हातावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

दुकानातल्या मुलीनं विचारलं, “घरी कोण कोण असतं तुमच्या?”

“मी एकटी.”

“कुत्रं, मांजर? नातवंडं?”

“कोणी नाही.”

“मग हा तुमच्यासाठीच आहे,” मुलगी म्हणाली, आणि त्या वेळी ते अगदी खरं होतं.

लोरेटानं आयुष्यभर कोर्टात लघुलेखनाचं काम केलं होतं. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घ्यायचं आणि घरी आल्यावर नवऱ्याचं ऐकायचं. नवरा जेराल्ड वाईट नव्हता, पण घरातली प्रत्येक वस्तू तो ठरवायचा. पडदे त्याच्या पसंतीचे, भिंतींचा रंग त्याच्या पसंतीचा, खुर्च्याही त्याच्याच, दोन्ही मोठ्या, दोन्ही टीव्हीकडे तोंड केलेल्या. तो गेल्यानंतर वर्षभरानं तिनं त्या खुर्च्या देऊन टाकल्या आणि मला आणलं. तिनं एकटीनं निवडलेली ती पहिली मोठी वस्तू. हे तिनं फोनवर बहिणीला सांगितलं, म्हणून मला माहीत.

आमचं छान चाललं होतं. ती संध्याकाळी पाय वर घेऊन वाचत बसायची. चहाचा कप माझ्यावर कधी ठेवायची नाही. ऊन तिरपं व्हायला लागलं की पडदा ओढायची, म्हणजे माझा रंग उडू नये. तिच्या नेहमीच्या जागेवर माझं अंग हळूहळू गडद आणि तुकतुकीत होत गेलं. आमच्या जातीचं वय असं दिसतं.

मग आर्व्हिड लाहती आला. तो लोरेटाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचा मामा, मिशिगनच्या पार उत्तर टोकाचा, फिनिश घरातला. आयुष्यभर त्यानं रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तो मिलवॉकीला आला होता आणि भाची कामावर गेली की दिवसभर कंटाळायचा. एकदा भाचीची किल्ली हरवली, म्हणून तो लोरेटाकडे थांबला.

लोरेटानं त्याला माझ्यावर बसवलं. मी खोल आहे. माझ्यात माणूस रुततो. आर्व्हिड रुतला, कॉफी प्याला, दोन-चार शब्द बोलला. भाची आल्यावर तो उठायला लागला आणि उठता येईना. गुडघा नवा, बैठक खाली, धरायला काही नाही. तो एकदा पुढं झुकला, मागं पडला. पुन्हा झुकला, पुन्हा पडला.

“हात देऊ का?” लोरेटानं विचारलं.

आर्व्हिडनं जरा विचार केला. “नको. आता राहतोच इथं.”

लोरेटा हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना तोवर ऐकलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

ती उत्तरेला जायला निघाली तेव्हा घरातलं जवळजवळ सगळं वाटून टाकलं. आर्व्हिडच्या घरी सगळं होतंच. तिनं सोबत नेली ती पुस्तकं, कपडे आणि मी. ट्रकमध्ये मला गोधड्यांत गुंडाळताना आर्व्हिड स्वतः दोऱ्या बांधत होता. “ही तिची वस्तू आहे,” तो ट्रकवाल्याला दोनदा म्हणाला.

त्याचं घर कॅल्युमेटच्या बाहेर, सुपीरियर सरोवरापासून जवळ. लाकडी, दुमजली, पुढं पडवी. अंगणाच्या कोपऱ्यात सौनाची लाकडी खोली. तिच्यात चूल, चुलीवर दगड, दगडांवर पाणी ओतलं की वाफ. शनिवारी दुपारी आर्व्हिड ती चूल पेटवायचा आणि संध्याकाळी माणसं यायची. हे त्याच्या आजोबांपासून चालत आलेलं होतं. आमंत्रण वगैरे कुणी देत नसे. धुराड्यातून धूर दिसला की यायचं.

पहिल्या शनिवारी मी बैठकीच्या खोलीत मधोमध, चांगला ऐटीत होतो. माणसं सौनातून धावत घरात शिरली. तांबूस तोंडं, ओले केस, अंगावर टॉवेलचे झगे, आणि झग्यातून वाफ निघते आहे. आर्व्हिडचा धाकटा भाऊ उर्हो सगळ्यांत पुढं. त्याच्या मागं त्याची बायको सिल्वी, शेजारचे दोघंतिघं, आणि उर्होचा कुत्रा पेक्का, तोही ओला, कारण तो बर्फात लोळून आला होता.

“वहिनी, हे सिंहासन कुणासाठी?” उर्होनं विचारलं.

“बसा ना,” लोरेटा म्हणाली. नव्या घरात आल्या आल्या दुसरं काय म्हणणार?

उर्हो बसला. पाठ टेकून, हात पसरून, माणसानं जसं बसावं तसा बसला. मी त्याच्या अंगातलं पाणी, घाम, साबण, सगळं प्यालो. मला थांबता येत नाही. शेजारी सिल्वी बसली, तिच्या केसांतून थेंब गळत होते. पेक्कानं पुढचे दोन पाय माझ्या कडेवर ठेवले आणि कुणी काही देतं का ते बघत राहिला. कॉफी फिरली, नीसूचे तुकडे फिरले. नीसू म्हणजे वेलदोडा घातलेला गोडसर पाव. लोणी माझ्यावर पडलं. इतक्या माणसांचं ओझं मी पहिल्यांदाच अंगावर घेतलं होतं. खोटं कशाला बोलू, मला मजा आली.

सकाळी लोरेटानं पाहिलं. माझ्या पाठीवर उर्होच्या दोन्ही खांद्यांचा काळपट ठसा उमटला होता. कडेला नखांच्या रेघा. ती माझ्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि कोरड्या फडक्यानं हळूहळू घासत राहिली. रडली वगैरे नाही. नुसती घासत राहिली. ठसा काही गेला नाही.

आर्व्हिड दारात उभा राहून बघत होता. तो आत गेला, एक जुनी गोधडी घेऊन आला आणि माझ्यावर पसरली.

पुढच्या शनिवारी माणसं धावत आली तेव्हा तो त्यांना म्हणाला, “स्वयंपाकघरातच बसू या. तिथं ऊब आहे.”

स्वयंपाकघरात खुर्च्या पुरेनात. शेजारचे उभ्यानंच कॉफी प्यायले. सिल्वीनं दारातून माझ्याकडे पाहिलं. गोधडी चारही बाजूंनी नीट खोचलेली होती.

“आमच्यासाठी झाकलाय का हा?” तिनं विचारलं.

“नाही, नाही,” लोरेटा म्हणाली, “धूळ बसते म्हणून.”

सिल्वीनं मान हलवली. कपातली कॉफी तिनं उभ्याउभ्याच संपवली.

त्यानंतर माणसं कमी होत गेली. कुणी भांडलं नाही. आधी शेजारच्यांना काही काम निघालं. मग उर्हो म्हणाला, माझी सौना बरेच दिवस पेटवली नाही, या वेळी तिकडे करू. उर्होची सौना एवढीशी, दोन माणसं बसली की कोपराला कोपर लागायचं. तरी सगळे तिकडे जायला लागले. आर्व्हिड गेला नाही. गुडघा दुखतो म्हणाला. बायकोला शनिवारी एकटं सोडायचं नव्हतं, हे मात्र म्हणाला नाही. आणि एका शनिवारी त्यानं आपल्या सौनाची चूल पेटवलीच नाही.

संध्याकाळी लोरेटा गोधडी बाजूला करून माझ्यावर वाचत बसायची. आर्व्हिडला माझ्यातून उठता यायचं नाही, म्हणून तो स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून शेजारी बसायचा. त्यामुळं तो नेहमी तिच्यापेक्षा हातभर उंच असायचा, जणू कुणाला भेटायला इस्पितळात आलाय. दोघंही गप्प. तिला वाटायचं, नवरा शांत स्वभावाचा मिळाला. त्याला वाटायचं, हिला शांतता हवी. मला मधूनच उर्होची पाठ आठवायची.

जानेवारीत एका दुपारी बाहेर गाडीचा आवाज आला. लोरेटानं पुस्तक मिटलं, माझ्यावर गुडघे टेकून मागच्या खिडकीतून पाहिलं. अंगणात उर्होचा ट्रक उभा होता, इंजिन चालू. काचा आतून धुरकटल्या होत्या आणि त्यांच्याआड दोन डोकी. थर्मास एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. एक डोकं मागं टाकून हसलं. ते आर्व्हिडचं होतं.

ती किती तरी वेळ तशीच बघत राहिली. मग उठली, कोट घातला आणि बाहेर गेली. बाहेरचं बोलणं मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं तिघं आत आले. उर्हो दारातल्या पायपुसण्यावरच थांबला.

“गाडीत कशाला बसला होतात?” लोरेटानं विचारलं.

“गप्पा मारत होतो, वहिनी.”

“एवढं घर असताना?”

उर्होनं भावाकडे पाहिलं. भाऊ भिंतीकडे बघत होता. “मी गोठलेल्या सरोवरावर मासे धरून आलोय,” उर्हो म्हणाला. “कपड्यांना वास आहे. सोफ्याला चालणार नाही.”

तो थट्टेखोर माणूस. पण हे त्यानं थट्टेत म्हटलं नाही. अगदी समजूतदारपणे म्हटलं, आणि म्हणूनच ते फार लागलं. तो टोपी सारखी करून निघून गेला.

लोरेटा माझ्या कडेवर बसली. “आर्व्हिड, शनिवारी माणसं का येत नाहीत?”

“येतील की.”

“सोफ्यामुळं?”

त्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू एवढं सगळं सोडून आलीस,” तो म्हणाला. “बरोबर आणलंस ते एवढंच. त्यावर मी काय बोलणार?”

“म्हणून तू ट्रकमध्ये बसून कॉफी पितोस.”

“ट्रकमध्ये हीटर चांगला आहे.”

ती हसली नाही. म्हणाली, “जेराल्ड मला कधी विचारायचा नाही. तू मला कधी सांगत नाहीस. मला काय, दोन्हीकडे अंधारच.”

आर्व्हिड स्वयंपाकघरातून आपली खुर्ची घेऊन आला आणि तिच्यासमोर बसला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. मी त्याला एवढं सलग बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. शनिवार आला की सकाळपासून त्याचे हात लाकडं फोडायला शिवशिवतात. माणसांचे आवाज ऐकू आले नाहीत की घर बंद पडल्यासारखं वाटतं. माझ्यावर त्याला बसता येत नाही, आणि बायकोच्या शेजारी बसावंसं तर वाटतं. लोरेटा ऐकत होती. कोर्टात ऐकायची तशी, एक शब्द न गाळता. मग तिनंही सांगितलं. माणसं आलेली तिला आवडतात. फक्त दोन तासांनी तिला कुठं तरी दार लावून बसावंसं वाटतं. एवढंच. माणसं नकोत असं नव्हतं.

“मग सोफा विकून टाकू,” ती म्हणाली.

माझ्या स्प्रिंगा आखडल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं सिल्वीला फोन करून बोलावलं. सिल्वी आली, कोट न काढता उभी राहिली. लोरेटानं गोधडी ओढून काढली आणि तिला खांद्यांचा ठसा दाखवला.

“हा उर्हो,” ती म्हणाली.

सिल्वीनं वाकून पाहिलं. “हो, त्याचाच. डावा खांदा उतरता आहे.” मग म्हणाली, “मला वाटलं, आमचा वास येतो तुला.”

“मला बोलता आलं नाही, सिल्वी. नवी होते. डाग पडला याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाज वाटली.”

“मग तेवढंच सांगायचंस. आम्ही काय, जमिनीवर बसलो असतो. हा उर्हो तर निम्मं आयुष्य जमिनीवरच बसलाय.” सिल्वीनं कोट काढला. “कॉफी कर आता.”

कॉफी पिताना ठरलं की खालच्या खोलीला दुसरा सोफा आणायचा, आणि जे त्यावर बसणार त्या सगळ्यांनी जाऊन बसून बघायचं. दुकानात मी नव्हतो. पण परत आल्यावर चौघांनी ते एकमेकांना तोडत इतक्यांदा सांगितलं, की मी तिथं असल्यासारखंच आहे.

दुकान हॉटन गावात. विकणारी बाई डार्ला. तिनं विचारलं, “घरात राहतात किती?”

“दोघं,” लोरेटा म्हणाली.

“आणि बसतात किती?”

“ते शनिवारवर आहे,” आर्व्हिड म्हणाला.

लोरेटानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ओले केस. घाम. लोणी. कुत्रा. माशांचा वास असलेले कपडे. नवऱ्याचे गुडघे. दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून येणारं ऊन. डार्लानं चामड्याचे दोन तुकडे काढले आणि दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. एकावर थेंब पसरला, काळा झाला, मुरला. दुसऱ्यावर मोत्यासारखा उभा राहिला. उर्होनं तो बोटानं पुसला आणि म्हणाला, “हा माझ्यावर रागावणार नाही.”

मग चौघं वेगवेगळ्या सोफ्यांवर रांगेत बसून बघत राहिले. आर्व्हिडची एकच परीक्षा होती, बसायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं. एका काळसर तपकिरी सोफ्यातून तो सहज उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. दुकानातली इतर गिऱ्हाइकं बघायला लागली. “बस कर,” सिल्वी म्हणाली, “नाही तर बसण्याचे पैसे लावतील.” लोरेटानं त्या सोफ्याला हात लावून पाहिला. तो माझ्याएवढा मऊ नव्हता. तिनं तसं सांगितलंही. “पण आमच्या घराला हाच बरा,” ती म्हणाली.

घरी परतल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“हा चुकीचा सोफा नाही,” आर्व्हिड म्हणाला. “चुकीच्या खोलीत आहे.”

तो जिना चढून वर गेला. माडीवर उत्तरेकडची ही खोली बंद असायची. त्याच्या पहिल्या बायकोची, आयलीची, शिवणाची खोली. मशीन, कापडाचे गठ्ठे, अर्धवट बेतलेले कपडे, सगळं जसंच्या तसं. लोरेटानं त्या दाराबद्दल कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं ते उघडलं. पुढचे काही दिवस तो एकेक गठ्ठा खाली आणत होता. लोरेटा मदतीला गेली तर “थांब, एवढं मला करू दे” म्हणाला. शेवटी मशीन उरलं. ते सिल्वीनं नेलं, तिची आणि आयलीची फार मैत्री. नेताना सिल्वी आणि आर्व्हिड अंगणात मशीनची दोन टोकं धरून बराच वेळ नुसतेच उभे राहिले.

आता मला वर न्यायचं होतं, आणि मी जिन्याच्या वळणात मावेना. आडवा नाही, उभा नाही, पाय काढूनही नाही. उर्हो म्हणाला, “करवतीनं दोन तुकडे करू.” लोरेटानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

तेव्हा आर्व्हिड दार उघडून बाहेर गेला आणि बर्फाकडे बघत राहिला. फेब्रुवारी होता. छपरावरचं बर्फ ओढून ओढून पडवीसमोर एवढा ढीग झाला होता की तो पडवीच्या छपराला टेकला होता. छपराच्या वर माडीची खिडकी. ज्यानं जन्मभर बर्फ बाजूला सारलं, त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बर्फ उपयोगाला आणलं. फावड्यानं थोपटून थोपटून त्यानं त्या ढिगाचा सरळ चढ तयार केला आणि पाणी मारून तो रात्रभर गोठू दिला.

शनिवार होता. निरोप गेला आणि सगळे आले, न येणारे शेजारीसुद्धा. मला तीन गोधड्यांत गुंडाळून वर मेणकापड बांधलं. बर्फावर मासे धरायला जाताना सामान ओढायची उर्होची घसरगाडी होती, तिच्यावर मला ठेवलं. चौघं वर पडवीच्या छपरावरून दोरी ओढायला, दोघं खालून लोटायला. पेक्का भुंकायला.

अर्ध्यावर दोरी सुटली. मी मागं यायला लागलो. खालून उर्हो एकटाच होता, दुसऱ्याचा पाय घसरला होता. त्यानं पाठ फिरवून माझ्याखाली खांदा लावला आणि टाचा बर्फात रोवल्या. “दादा, लवकर,” एवढंच म्हणाला. छपरावरून आर्व्हिड नव्या गुडघ्यानं तो चढ कसा उतरला ते त्यालाच ठाऊक. दोघं भाऊ माझ्याखाली होते, आणि गोधड्यांतूनही मला त्यांचे श्वास कळत होते. वरच्यांनी दोरी पुन्हा बांधली. मग मी हळूहळू वर गेलो, छपरावर पोचलो, आणि चौकट काढलेल्या खिडकीतून आधी डोकं मग पाय असा आत आलो. आत लोरेटा कोट घालून उभी होती. खोलीत बाहेरच्याइतकीच थंडी होती.

गारठलेलं चामडं लगेच उलगडू नये, तडकतं. तिला ते माहीत होतं. तिनं दुसऱ्या दिवसापर्यंत गोधड्या काढल्या नाहीत. खाली मात्र सौना पेटली होती आणि माणसं ओल्या केसांनी जमिनीवर बसून कॉफी पीत होती, कारण नवा सोफा अजून यायचा होता.

याला आता सहा हिवाळे झाले. खाली तो तपकिरी गडी आहे. आमची भेट नाही, पण त्याचं मला सगळं ऐकू येतं. त्याच्यावर काय काय सांडतं, कोण कोण झोपतं. आर्व्हिड त्याच्यातून उठताना अजून कुणाचा हात धरत नाही, मात्र बसताना लोरेटाचा धरतो. माझं या खोलीत मजेत चाललं आहे. उत्तरेचा उजेड माझा रंग उडवत नाही. लोरेटाच्या बसण्याची जागा मिलवॉकीत होती त्याहून गडद झाली आहे, आणि उर्होच्या खांद्यांच्या ठशाभोवतीचं अंगही गडद होत आल्यामुळं तो ठसा आता शोधावा लागतो.

तुम्ही कधी आमच्यापैकी कुणाला घरी न्यायला दुकानात गेलात, तर माझं एक ऐका. नुसता हात फिरवून आमच्या प्रेमात पडू नका. कसं जगावंसं वाटतं तेही राहू द्या. काल संध्याकाळी तुमच्या घरात कोण कुठं बसलं होतं, कुणाचे पाय ओले होते, कुणाला उठताना त्रास झाला, ते आठवा आणि तेवढं खरं खरं सांगा. घरातल्या माणसांनाही सांगा. मग जो मिळेल तो तुमचा. आणि पुढं दिवस बदलले तर लगेच आम्हाला टाकू नका, आधी घरात एखादी दुसरी खोली आहे का ते बघा.

आज लोरेटा जेवण आटोपून वर आली. दार लावलं, पाय वर घेतले, पुस्तक उघडलं. खाली उर्हो मोठमोठ्यानं कसली तरी गोष्ट सांगत होता. तिनं दोन-चार पानं उलटली. मग जाळीतून आर्व्हिडचा आवाज आला, “लोरेटा, हा सगळं खोटं सांगतोय, तू ये बरं जरा.”

“ऐकतेय मी,” ती जाळीकडे वाकून म्हणाली. “तो माझ्यासमोर पण हेच सांगणार आहे का विचार.”

खाली हशा पिकला. ती उठली, पुस्तक माझ्यावर पालथं ठेवलं आणि जिना उतरून गेली. तिच्या जागेची ऊब अजून माझ्यात आहे. ती इतक्यात काही वर यायची नाही, आणि माझी काही तक्रार नाही.